पॅचिपोडियमची पानगळ

प्रश्न: गच्चीतल्या पॅचिपोडियमची पाने थंडीत गळू लागली. पाणी वाढवले, तरी थांबेना. काय करू?

उत्तर: आधी पाणी बंद करा. दक्षिण मादागास्करच्या कोरड्या भागातले हे झाड चाफ्याच्या कुळातले. चाफ्यासारखेच तेही विश्रांतीच्या काळात पाने टाकते. हा आजार नव्हे. जाड खोडात पाणी साठलेले असते, त्यात तुम्ही आणखी ओतलेत तर मुळे कुजतात. काटे सांभाळून बुंधा दाबून पाहा. टणक असेल तर काळजी नाही. मऊ लागला तर उपटून कुजका भाग कापा, जखम सावलीत वाळू द्या आणि जाड रेतीत लावा. पालवी फुटली की पाणी सुरू करा, तेही माती पूर्ण वाळल्यावरच. ऊन भरपूर द्या. पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्या, कोकणात तर नक्कीच.