आधी भिंग, मग ग्रेडिंग

गिरगाव, मुंबई

चि. मन्या यास,


तुझे फोटो मिळाले. लालबागचं घर आवरताना आजीच्या देव्हाऱ्यातून चार नाणी निघाली आणि तू चारही ग्रेडिंगला पाठवायला निघालास. जरा दम धर. ग्रेडिंग करणारी कंपनी नाणं खरं की खोटं ते तपासते, त्याच्या स्थितीला 1 ते 70 यांतला गुण देते आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून परत करते. त्याचे पैसे दर नाण्यामागे लागतात. कुरिअर, विमा वेगळा. किंमत या खर्चाहून जास्त वाढणार असेल, तरच त्यात पडावं.

रामदरबाराचा 1818 चा ‘अर्धा आणा’ आधी बाजूला काढ. ईस्ट इंडिया कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. असले तुकडे फुटपाथवर ढिगाने मिळतात. आजीने भक्तीने ठेवला होता, देव्हाऱ्यातच राहू दे.

दुसरा, पंचम जॉर्जचा 1918 चा रुपया. पहिल्या महायुद्धात आपल्याकडे चांदीची एवढी टंचाई झाली, की अमेरिकेने त्याच वर्षी पिटमन कायदा करून कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटिशांना विकली. त्या काळातले रुपये आजही घरोघरी सापडतात. अगदी कोरा करकरीत असता तर विचार केला असता. तुझ्या नाण्यावर राजाच्या मुकुटाची नक्षी गुळगुळीत झाली आहे. त्याला चांदीच्या भावापेक्षा फार काही येणार नाही.

तिसरा राणीछाप, 1862 चा. टांकसाळीने हे साल 1874 पर्यंत बदललंच नाही, त्यामुळे त्यावरून नेमकं वर्ष कळत नाही. मुंबईत पाडलेल्या रुपयांचं खरं वर्ष मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून लावतात. भिंग घेऊन ते मोज. काही ठिपक्यांच्या जाती खरंच दुर्मीळ आहेत. पण फोटो मोठा करून बघ, राणीच्या गालावर एकाच दिशेने केसासारख्या रेघा दिसतात. दर लक्ष्मीपूजनाला रांगोळीने घासल्याच्या त्या खुणा आहेत. अशा नाण्याला परीक्षक बहुधा गुण देत नाहीत, ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. तो शेरा विकत घ्यायला पैसे कशाला घालवायचे?

आणखी एक. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, आणि नावाजलेल्या कंपन्या अमेरिकेतल्या. त्यामुळे एखादं जुनं नाणं द्यायचंच झालं, तर ते भारतातच तपासलं जाणार का, हे आधी लेखी विचारून घ्यायचं.

राहिला सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया. याच्यासाठी मात्र खर्चाचा विचार करावा. या सालचे रुपये फार थोडे बाहेर आले, म्हणूनच त्याच्या नकला उदंड, आणि 1938 मधल्या आठाचा नऊ करणारे कारागीरही आहेत. पेठेतल्या ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर ठेव. रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. झिजेने थोडं कमी भरेल, जास्त भरता कामा नये. मग भिंगाखाली शेवटचा आकडा शेजारच्या आकड्यांशी ताडून बघ: उंची तीच आहे का, आजूबाजूची पाटी खरवडलेली दिसते का. कडेवर ओतकामाच्या सांध्याची रेघ दिसली, तर तिथेच विषय संपला. यातून पार पडला, तर एखाद्या जाणत्या संग्राहकाला दाखव. त्याने होकार दिला, तरच ग्रेडिंगला दे. अशा नाण्याच्या बाबतीत गिऱ्हाइकाला पहिली शंका खरेपणाचीच येते, आणि तिथे तिऱ्हाइताची पावती कामाला येते.

‘जुनी नाणी लाखांत घेतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून असे पैसे उकळले जात असल्याचा इशारा बँकेनेच 2021 मध्ये दिला होता. फोर्टात बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. एक दिवस तिथे जा, अस्सल नाण्यांवर नजर बसव.

थोडक्यात, तीन नाणी घरी आणि एक सोनाराच्या काट्यावर. काहीही झालं तरी एकालाही चिंच, रांगोळी किंवा टूथपेस्ट लावू नकोस. आणि यंदाच्या लक्ष्मीपूजनाला आईलाही तेवढं सांग.

तुझा,
मामा