मान घासू नका, ताई

प्रश्न : मुलगा १० वर्षांचा, पाचवीत. यंदा शिष्यवृत्तीला बसलाय. मेंदूला साखर लागते म्हणून अभ्यासाआधी रोज ग्लुकोजचं पाणी देते. तरी तासाभरात पेंगतो, वाचलेलं विसरतो. वजन वाढलंय, मान घासूनही काळीच राहते. आणखी काय देऊ?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, आणखी काही नको, उलट ते पाणी बंद करा. मेंदू ग्लुकोजवर चालतो हे खरंच, पण ते पोळी-उसळीतूनही मिळतं, तेही सावकाश. गोड पाण्याने साखर झपकन चढते नि उतरते. पेंग त्यामुळेही येत असेल.

मला काळजी वाटते ती मानेची. तो मळ नव्हे. त्वचा जाडसर, मखमलीसारखी काळपट असेल (काखेतही पाहा), तर शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. म्हणजे मधुमेह झाला असं नाही. वेळीच लक्ष दिलं तर हे बरंचसं सुधारतं. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, उपाशीपोटी साखर आणि हिमोग्लोबिन तपासा. या वयात हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, आणि लक्ष न लागण्याचं हे कारण हमखास नजरेतून सुटतं. रात्री घोरतो का, तेही डॉक्टरांना सांगा.

सकाळी चहा-बिस्किटांऐवजी थालीपीठ-दही द्या. संध्याकाळी तासभर मैदान, शिष्यवृत्ती असली तरी! उपाशी मात्र ठेवू नका, पाहुण्यांसमोर वजनावरून बोलू नका. खूप तहान, सारखी लघवी, वजन घटणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.