वारं कुणीकडचं, हे हरणाला आधी कळतं



आमची वस्ती दौंड तालुक्यात, माळाच्या कडेला आहे. आमच्या माळावर चिंकारा हरणं चरायला येतात. जवळच बारामती तालुक्यात सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते सन १९९७ मध्ये झाले. तिथेही चिंकारे पुष्कळ आहेत.

चिंकारा अंगाने साधारण शेळीएवढा असतो. पाठ तांबूस, पोट पांढरे. पाला आणि दव यांतून त्याला पाणी मिळते. म्हणून तो बरेच दिवस पाणवठ्यावर गेला नाही तरी चालते.

चिंकाऱ्याचे तीन राखणदार आहेत : डोळे, कान आणि नाक. परक्याचा वास आला की तो मान वर करतो, पुढचा पाय जमिनीवर आपटतो, नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतो आणि पळतो. नर ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. तो ढीग म्हणजे त्याच्या दारावरची पाटीच! वास घेऊन दुसऱ्या नराला कळते की ही जागा कुणाची आहे.

एक प्रयोग करा. मैदानात एकाने उदबत्ती पेटवून उभे राहावे. धूर जिकडे जातो तिकडे दहा पावलांवर एकाने, आणि उलट बाजूला दहा पावलांवर दुसऱ्याने उभे राहावे. पहिल्याला वास येईल, दुसऱ्याला येणार नाही. अंतर सारखेच, फरक फक्त वाऱ्याचा!

म्हणून लांडगा समोरून वारं येईल असा चालतो. मग हरणाचा वास त्याला येतो, त्याचा वास हरणाला जात नाही. थंड देशांत मूस नावाचे घोड्याएवढे हरिण असते. तिथले शिकारीही असेच वारं बघून जातात. आपल्याकडे मात्र सन १९७२ च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. चिंकारा मारला तर तीन ते सात वर्षे तुरुंगवास होतो.

पण सगळेच शिकारी नाकावर चालत नाहीत. शिरूरकडे उसात बिबट्या असतो. तो जास्त करून कानांनी आणि डोळ्यांनी शिकार करतो. म्हणून तिकडच्या मुलांनी संध्याकाळी एकटे जाऊ नये. बत्ती घ्यावी, मोठ्याने बोलत जावे.

आता माझी गोष्ट सांगतो. गेल्या चैत्रात मी आबांबरोबर मेंढरांमागे गेलो होतो. गवतात एक पाडस दिसलं. मान जमिनीला टेकवून गप पडलं होतं. आमचा मोती दहा पावलांवर होता, पण त्याला पत्ता नव्हता. मला वाटलं, बिचारं एकटं आहे, घरी नेऊ. मी उचलायला वाकलो, तर आबांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, “हात लावू नको. आई चरायला गेलीय. ती त्याला चाटून साफ ठेवते, म्हणून त्याचा वास लागत नाही. आपण इथं घोटाळलो तर कुत्री आपल्या मागानं येतील.”

आबांनी मोतीला दोरी बांधली. मग चिमूटभर माती हातातून सोडली. माती आमच्याकडे उडाली. म्हणाले, “आता आपला वास तिकडं जात नाही.” आम्ही लांब बांधाआड बसलो. दिवस मावळायला आई आली. तिने चारी बाजूंना नाक फिरवलं आणि पाडस उठून दूध प्यायलं. मी त्याला घरी नेलं असतं तर ती रात्रभर शोधत राहिली असती.

लांडग्याने आमचंही एक कोकरू नेलं आहे. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. तरी ते म्हणतात, “त्याला पोट आहे. पण आपल्या मोकाट कुत्र्यानं पाडस फाडलं, तर तो आपला दोष.”

पालकहो, माळावर जाताना कुत्रे दोरीला बांधा. आणि मुलांनो, गवतात एकटं पाडस दिसलं तर समजा की त्याची आई जवळच आहे. हळूच मागे फिरा.

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी