प्रौढांना जोडी का नको वाटते?

संध्याकाळच्या मराठी वर्गात "आता दोघीदोघींनी बोला" म्हटले की निम्म्या माना खाली जातात. "बाई, तुम्हीच बोला ना. तिलाही येत नाही, मलाही येत नाही. एकमेकींच्या चुकाच शिकणार!" इंदूरच्या मराठी घरांत आलेल्या हिंदीभाषक सुनांची ही तक्रार रास्त आहे. ऑस्ट्रेलियातील स्थलांतरितांच्या इंग्रजी वर्गांविषयी डेव्हिड नूनन यांनी १९८८ मध्ये हेच नोंदवले: शिक्षकांना जोडीकाम फार मोलाचे वाटते, विद्यार्थ्यांना मात्र चुकांची दुरुस्ती हवी असते.

तरीही 'आम्ही' आणि 'आपण' नुसते फळ्यावरून येत नाहीत. हिंदीत दोन्हींना 'हम'च. एकीने "आम्ही सराफ्यात जातोय" म्हटले आणि जोडीदारीण पर्स घेऊन उठलीच! वर्ग हसला, पण फरक कळला. ऐकणारी 'आम्ही'मध्ये नसते, 'आपण'मध्ये असते. ज्या घरात सगळे मराठीत बोलतात, तिथे सुनेला हा फरक रोज लागतो.

आता वाक्य आधी मी म्हणते, मग जोड्या. चुका शेवटी फळ्यावर, नाव न घेता. सासू-सून मात्र एका जोडीत बसवत नाही. सुनेचे वाक्य सासूबाईच पुरे करतात.