किमतीची चिठ्ठी

मुलांनो, तुम्ही दुकानातून बिस्किटांचा पुडा आणता. त्यावर किंमत छापलेली असते. ती गरिबाला आणि श्रीमंताला सारखीच असते. आज ही गोष्ट तुम्हांला साधी वाटते; पण पूर्वी असे नव्हते.

पूर्वी पुष्कळ ठिकाणी दुकानदार गिऱ्हाईक पाहून भाव सांगे. गिऱ्हाईक घासाघीस करी. जो हुशार असे, त्याला वस्तू स्वस्त मिळे. जो भोळा असे, तो फसे.

सन १६७३ मध्ये जपानमधील एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, मित्सुई ताकातोशी या व्यापाऱ्याने कापडाचे दुकान काढले. त्या काळी मोठे व्यापारी श्रीमंतांच्या घरी कापड नेऊन उधारीने विकत. उधारीमुळे भाव वाढत. मित्सुईने नवी रीत सुरू केली. त्याच्या दुकानात किंमत ठरलेली असे आणि पैसे रोख द्यावे लागत. तो हवे तेवढेच कापड कापून देई. त्यामुळे सामान्य माणसांनाही तेथे खरेदी करणे सोपे झाले.

फ्रान्समध्ये अरिस्तिद बुसिको हा १८५२ साली पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानात भागीदार झाला. तेथे वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या असत. कोणीही आत जावे, वस्तू पाहाव्यात आणि हवे तर घ्याव्यात. न आवडलेली वस्तू परतही करता येई.

अमेरिकेत १८७२ पासून माँटगोमेरी वॉर्ड याने खेड्यांतील शेतकऱ्यांना वस्तूंची यादी पाठवली. घरबसल्या टपालाने माल येऊ लागला. पुढे मोटारीसारख्या महाग वस्तू हप्त्याने मिळू लागल्या.

खरेदी सोपी झाली, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर जाहिराती वाढल्या. गरज नसलेली वस्तूही हवीशी वाटू लागली. हप्ते फेडताना कुटुंबे अडचणीत येऊ लागली. शिवाय किंमत एकच असली, तरी वस्तू चांगलीच असेल असे नाही. म्हणून ग्राहकांच्या हक्कांचा विचार सुरू झाला. १५ मार्च १९६२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी ग्राहकाचे चार हक्क सांगितले : सुरक्षितता, माहिती, निवड आणि आपले म्हणणे मांडणे. भारतात १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला. तो २०२० पासून लागू आहे.

आता पुड्याकडे पुन्हा पाहा. त्यावरची किंमत ही जास्तीत जास्त किंमत आहे. दुकानदार कमी घेऊ शकतो, जास्त मागू शकत नाही. वजन आणि तारीखही वाचा. पावती मागायला लाजू नका. आणि पैसे देण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा : ही वस्तू मला खरोखर हवी आहे का?

स्वाध्याय
१. मित्सुईने कोणती नवी रीत सुरू केली?
२. ग्राहकाचे चार हक्क लिहा.
३. 'बाजार', 'दुकान', 'किंमत' हे शब्द उर्दूत व मराठीतही आहेत. या पाठातील असे आणखी शब्द शोधा.