मासिकातील महागडे कपडे : मालक कोण, जबाबदार कोण?

इंग्रजी फॅशन मासिकात मॉडेलच्या अंगावर लाखाचा लेहंगा दिसतो. तो मासिकाने विकत घेतला असावा किंवा मॉडेलला भेट मिळाला असावा, अशी आपल्या अनेक बांधवांची समजूत असते. बहुधा दोन्ही खरे नसते. आपल्या बाजारात ज्याला जांगड म्हणतात, त्याच्या जवळचाच हा व्यवहार आहे. माल दाखवायला जातो आणि काम झाले की परत येतो. 'एल' १९९६ मध्ये आणि 'व्होग' २००७ मध्ये भारतात आले, तशी ही देवाणघेवाण वाढत गेली.

अंकाचा विषय ठरला की मासिकाची स्टायलिस्ट डिझायनरला किंवा त्याची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या एजन्सीला पत्र पाठवते. कोणता पोशाख, कोणत्या तारखेला, किती दिवसांसाठी, हे त्यात असते. तिकडे पोशाखाचा बहुधा एकच नमुना असतो आणि तोही सडपातळ मॉडेलच्या मापाचा. सैल झाला तर पाठीमागून चिमटे लावतात, छायाचित्रात पाठ थोडीच दिसते! बुटांच्या तळाला चिकटपट्टी मारतात, कारण तो जोडही परत द्यायचा असतो. मोबदला म्हणून डिझायनरला सहसा पैसे मिळत नाहीत, चित्राशेजारी बारीक अक्षरांत नाव मिळते. जाहिरातीच्या चित्रीकरणाला मात्र अनेकदा भाडे आकारतात.

त्या बारीक अक्षरांत अड्ड्यावर बसून जरदोजी भरणाऱ्याचे नाव क्वचितच असते. पण आता काही स्टायलिस्ट मोबाइलवर नमुने पाहून थेट छोट्या कारखानदाराकडेही माल मागतात. आपल्या बांधवांनी सावध राहायचे ते इथे. ''मासिकात फोटो येईल'' एवढ्या शब्दावर महिनाभराची मेहनत दाराबाहेर सोडू नये.

असा माल विकलेला नसतो, सोपवलेला असतो. भारतीय करार कायदा, १८७२ यात अशा सोपवणुकीसाठी स्वतंत्र कलमे आहेत. कलम १५१ प्रमाणे, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी माल नेणाऱ्याने घ्यायची असते. कलम १६१ प्रमाणे, त्याच्या चुकीने माल मुदतीत परत आला नाही, तर त्यानंतरच्या नुकसानीला तो जबाबदार असतो. पण मुदत कागदावर नसेल तर ती सिद्ध कशी करणार? म्हणून नगांची संख्या, प्रत्येकाची किंमत, परतीची तारीख आणि छापायचे नाव लिहून त्याखाली सही घ्या. जीएसटीत नोंद असलेल्यांनी विक्रीशिवाय माल पाठवताना डिलिव्हरी चलन करावे. देण्यापूर्वी मोबाइलवर आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा.

माल परत आला की आणणाऱ्या माणसासमोरच उलगडा. गळ्यावर मेकअपचा डाग असतो, बगलेत घामाचा. ताजा असताना तो निघण्याची आशा असते. जरीवर महिनाभर राहिला, तर तेवढा भाग उसवून पुन्हा भरण्याची पाळी येते, आणि तोवर ती स्टायलिस्ट पुढच्या अंकाच्या कामाला लागलेली असते.