पहिली मुलाखत देताना

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून पहिल्या मुलाखतीला निघालेल्या आपल्या मुलामुलींसाठी आम्ही हे लिहीत आहोत. घरातली पहिलीच नोकरी असली की चुकण्याची भीती मोठी असते. त्या भीतीपोटी माहीत नसतानाही उत्तर ठोकून दिले जाते.

आदल्या दिवशी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे नोंदणी प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि झेरॉक्स प्रती फाइलमध्ये लावा. मग मूळ गोष्टींची मोठ्याने उजळणी करा. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. प्रौढाला सीपीआर देताना ३० वेळा छाती दाबून २ श्वास. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचे नाही. ती आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात टाकायची.

"डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा जास्त वाटली तर काय कराल?" असे विचारले, तर सांगा : "औषध देण्याआधी डॉक्टरांना विचारीन, इन्चार्ज सिस्टरना कळवीन आणि नोंद करीन."

एखादे उत्तर आलेच नाही, तर "हे मला माहीत नाही, वरिष्ठांना विचारून करीन" असे शांतपणे म्हणा. त्यात कमीपणा मानू नका. वॉर्डात आपल्या अंदाजाची किंमत रुग्णाला मोजावी लागते.